शततंत्री वीणा आणि संतूर : एका वंशावळीची तपासणी

संतूरवादनाच्या मैफलीचे निवेदन बहुधा एका ठरावीक विधानाने सुरू होते. संतूर म्हणजे वेदकाळातील शततंत्री वीणाच होय, असे ते विधान. ही वीणा पुढे इराणात गेली आणि तेथून नाव पालटून परत आली, अशी पुस्तीही त्यास कधी कधी जोडली जाते. कार्यक्रमपत्रिकांतून व ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवरून हे विधान इतक्या वेळा छापले गेले आहे की, आता त्यास कोणी पुरावा मागत नाही. वस्तुतः ते दोनच आधारांवर उभे आहे. वैदिक वाङ्मयात शंभर तंतूंच्या एका वाद्याचा उल्लेख आहे, आणि काश्मिरी संतुरास शंभर तारा असतात, हा पहिला आधार. दोन्ही वाद्ये काडीने वाजविली जातात, हा दुसरा. या दोहोंत भर म्हणून ‘सौ तार’ या शब्दांपासून ‘संतूर’ झाले अशी व्युत्पत्तीही सांगण्यात येते. हे सारे खरे ठरले, तर युरोपातील डल्सिमर, हंगेरीतील सिंबालोम व चीनमधील यांगचिन या सर्वांच्या इतिहासाचा आरंभ भारतीय यज्ञमंडपात शोधावा लागेल. ते खरे नसेल, तर या वंशावळीखाली काश्मीरच्या संगीताचा एक खराखुरा इतिहास झाकला जात आहे असे म्हणावे लागेल. म्हणून या प्रश्नाकडे केवळ पांडित्याची हौस म्हणून पाहता येत नाही.

प्रथम वाद्याची जात निश्चित करणे अवश्य आहे. एरिक फॉन हॉर्नबोस्टेल व कुर्ट झाक्स यांनी इ. स. १९१४ मध्ये वाद्यांचे जे वर्गीकरण मांडले, त्यात तंतुवाद्यांचा एक मोठा वर्ग ‘झिथर’ या नावाने येतो. ज्या वाद्यात तारा दांड्यावर, नळीवर, फळीवर किंवा पेटीवर ताणलेल्या असतात आणि नादपेटी असलीच तरी ती काढून घेतल्याने वाद्याचा सांगाडा मोडत नाही, ते झिथर. चीनचे गुचिन, जपानचे कोतो, मादागास्करमधील बांबूच्या नळीवरचे वलिहा, अरबी कानून, आपल्याकडील स्वरमंडल ही सर्व या एकाच वर्गात पडतात. किंबहुना, दोन भोपळ्यांची रुद्रवीणाही याच वर्गातील आहे. कारण तिच्या तारा धारण करतो तो दांडा, भोपळे नव्हेत. तंजावरी वीणा मात्र या व्याख्येत बसत नाही; तिची मान व तुंबा ही एकत्र असल्याने ती सतारीच्या, म्हणजे ल्यूटच्या, वर्गात जाते. आणि अजिंठ्याहून प्राचीन अशा शिल्पांतून जी वीणा दिसते ती बहुतेक ठिकाणी धनुष्याकृती आहे, म्हणजे हार्पच्या वर्गातील आहे. तात्पर्य, ‘वीणा’ हा शब्द आपल्या परंपरेत तीन निरनिराळ्या जातींच्या वाद्यांसाठी वापरला गेला आहे. एखाद्या प्राचीन वाद्यास वीणा म्हटले आहे, एवढ्यावरून त्याच्या आकाराविषयी काहीच निष्पन्न होत नाही. या साध्या गोष्टीचा विसर पडल्यामुळेच संतुराच्या वंशावळीचा घोळ झाला आहे.

संतूर हे पेटीचे झिथर होय. तुतीच्या लाकडाची समलंब चौकोनी पेटी, तिच्यावर घोड्यांच्या रांगा, प्रत्येक घोडीवरून जाणाऱ्या एकाच स्वरात मिळविलेल्या चार तारा, आणि त्यांवर आघात करण्यासाठी टोकाशी वळविलेल्या दोन हलक्या लाकडी काड्या, ज्यांना काश्मिरात ‘कलम’ म्हणतात. घोड्या पंचवीस, म्हणून तारा शंभर. इराणात आज प्रचलित असलेल्या संतुरास अठरा घोड्या व बहात्तर तारा असतात. इराकी संतुरास तेवीस घोड्या असून तारा ब्याण्णव होतात. बहात्तर, ब्याण्णव आणि शंभर या तिन्ही संख्या चाराने भाग जाणाऱ्या आहेत, आणि त्यांचे कारण उघड आहे. वाद्यकाराच्या मनात असते ती घोड्यांची, म्हणजे स्वरस्थानांची, संख्या. तारांची संख्या तिच्यापासून आपोआप निघते. काश्मिरी कारागिराने शंभराचा आकडा योजून वाद्य घडविले नाही. त्याने पंचवीस स्वरांची सोय केली आणि बेरीज शंभर झाली.

आता वैदिक पुराव्याकडे वळावे. तैत्तिरीय संहितेत गवामयन सत्राच्या अखेरच्या महाव्रताच्या दिवशी वाजविण्यात येणाऱ्या ‘वाण’ नावाच्या वाद्याचा निर्देश असून त्यास ‘शततंतु’ असे विशेषण दिले आहे. पंचविंश ब्राह्मणातही त्याचा उल्लेख येतो. संहितेने शंभराचे कारणही तेथेच सांगून टाकले आहे : पुरुषाचे आयुष्य शंभर वर्षांचे असते. म्हणजे ही संख्या यज्ञाच्या प्रतीकव्यवस्थेतून आली आहे, स्वरांच्या हिशेबातून नव्हे. श्रौतसूत्रांत या वाद्याच्या घडणीचा तपशील मिळतो. ते औदुंबराच्या लाकडाचे असावे, तांबड्या बैलाच्या चामड्याने मढवावे, त्यास दहा छिद्रे असावीत आणि प्रत्येक छिद्रातून मुंज किंवा दर्भ यांचे दहा तंतू ओवावेत. वादनासाठी सांगितली आहे ती इषीका, म्हणजे बोरूसारख्या गवताची आपोआप वाकलेली काडी.

हा तपशील संतुरापुढे ठेवून पाहिला, म्हणजे दोन्ही शतकांमधील अंतर लक्षात येते. एकीकडे दहा गुणिले दहा असे शंभर, दुसरीकडे पंचवीस गुणिले चार असे शंभर. एकीकडे चामड्याने मढविलेले शरीर, दुसरीकडे पातळ लाकडी फळीची पेटी. एकीकडे गवताचे तंतू, दुसरीकडे धातूच्या तारा. काडीच्या आघाताने ठसठशीत व टिकणारा नाद निघावयाचा, तर तार कठीण आणि घट्ट ताणलेली हवी. मुंजेच्या दोरीवर गवताची काडी मारली असता जो आवाज निघेल, त्यास कर्मकांडात स्थान असू शकेल, परंतु संतुराच्या वादनतंत्राचे बीज त्यात शोधणे कठीण आहे. शिवाय ‘वाण’ हा शब्दही निर्विवाद नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात मरुतांच्या संदर्भात तो येतो, तेव्हा त्याच्याबरोबर योजलेले क्रियापद फुंकण्याचे आहे. त्यामुळे तेथे वाण म्हणजे वेणू, की नुसता नाद, याविषयी टीकाकारांत मतभेद आहेत.

काडीचा मुद्दा वरवर पाहता अधिक सबळ वाटतो. पण तोही टिकत नाही. भारतीय परंपरेत तार छेडण्याच्या साधनास ‘कोण’ ही जुनी संज्ञा आहे. विपंची कोणाने वाजवावी आणि चित्रा बोटांनी, असा भेद नाट्यशास्त्रानेच केला आहे, आणि विपंची ही काही आघाताने वाजणारी पेटी नव्हती. हातात काडी असणे आणि काडीने तारेवर ठोका देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सरोद वाजविणाराही नारळाच्या करवंटीचा जवा हातात धरतो. आनंद कुमारस्वामी यांनी इ. स. १९३० मध्ये वीणेच्या अवयवांवर लिहिलेल्या निबंधात प्राचीन ग्रंथांतील वीणेची अंगे धनुष्याकृती हार्पशी जुळतात हे दाखवून दिले. वाणाचे चामड्याचे मढणे व छिद्रांतून ओवलेले तंतू लक्षात घेता, त्यास त्याच कुळाच्या जवळ ठेवणे अधिक सयुक्तिक आहे.

राहिली व्युत्पत्ती. ‘सौ तार’ ही व्युत्पत्ती ऐकावयास गोड आहे. परंतु ‘संतूर’ या शब्दाचा प्रवास टप्प्याटप्प्याने दाखविता येतो आणि तो निराळ्याच दिशेने जातो. ग्रीक भाषेत ‘प्साल्लेइन’ म्हणजे बोटाने तार छेडणे, आणि त्यावरून ‘प्साल्तेरिओन’ हे तंतुवाद्याचे नाव. हा शब्द अरामी भाषेत ‘प्सांतेरिन’ असा गेला. बायबलच्या जुन्या करारातील दानिएलाच्या पुस्तकात, नबुखद्नेस्सर राजाच्या सुवर्णमूर्तीपुढे वाजणाऱ्या वाद्यांच्या यादीत, तो आढळतो. ग्रीकातील ‘ल’काराचा तेथे ‘न’कार झाला आहे. पुढे आरंभीचा ‘प’ गळला की अरबी ‘संतीर’ व फारसी ‘संतूर’ ही रूपे सरळ मिळतात. मधला दुवा लिखित स्वरूपात हाती असल्यामुळे ही व्युत्पत्ती केवळ ध्वनिसाम्यावर अवलंबून राहत नाही. ‘सौ तार’च्या बाजूने असा एकही मधला दुवा दाखविता आलेला नाही.

परंतु येथेच दुसऱ्या टोकाची चूक टाळावयास हवी. शब्द ग्रीक आहे म्हणून वाद्यही ग्रीक, असे म्हणणे तितकेच अविचाराचे होईल. ‘प्साल्तेरिओन’ या शब्दाचा अर्थच बोटांनी छेडावयाचे वाद्य असा आहे, आणि तो शेवटी जाऊन बसला आहे काडीने ठोकावयाच्या वाद्यावर! नाव, घडण, वादनपद्धती आणि तारांची संख्या या चारही गोष्टी स्वतंत्रपणे प्रवास करतात. त्या एकाच गाडीतून एकाच वेळी उतरल्या असे गृहीत धरले की इतिहास फसतो. दानिएलाच्या त्याच यादीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तीत ‘सुम्पोन्या’ असा आणखी एक ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ काहींच्या मते कातडी पिशवीची सनई, तर काहींच्या मते नुसता वाद्यमेळ. इ. स. १६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलाच्या भाषांतरकारांनी त्यासाठी ‘डल्सिमर’ हा शब्द योजला. त्या दिवसापासून इंग्रजी वाचकांच्या मनात बॅबिलोनच्या दरबारात डल्सिमर वाजू लागले, आणि ते अद्याप पुरते थांबलेले नाही.

या ग्रहास दगडी पुरावाही मिळाल्याचा भास एकोणिसाव्या शतकात झाला. निनवे येथील उत्खननात सापडलेल्या आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या असुरबनिपालाच्या काळातील, म्हणजे इ. स. पूर्व सातव्या शतकातील, शिल्पपटांत वादकांची एक मिरवणूक आहे. तीमधील एका झिजलेल्या, मोडक्या आकृतीत त्या वेळच्या अभ्यासकांना डल्सिमर दिसले, आणि त्याची पुनर्रचित चित्रे ग्रंथांतून छापली गेली. पुढील संशोधकांनी इतर शिल्पपटांशी तुलना केली, तेव्हा ते आडवे धरलेले हार्प असून वादक काडीने तार छेडीत आहे, असे निष्पन्न झाले. येथेही घोटाळ्याचे मूळ काडीतच आहे. काडी दिसली की ठोका कल्पावयाचा, ही सवय केवळ भारतीय लेखकांची नव्हे, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

फारसी वाङ्मयातील जुना व वारंवार उद्‌धृत होणारा निर्देश अकराव्या शतकातील कवी मनूचेहरी याचा आहे. वसंताच्या वर्णनात त्याने पक्ष्यांना वादकांची सोंगे दिली असून त्यांतील एका पक्ष्यास संतूर वाजविणारा केले आहे. यावरून त्या काळी संतूर हे नाव इराणात रुळले होते हे निर्विवाद सिद्ध होते. ते ठोकून वाजवीत होते हे मात्र सिद्ध होत नाही. फारसीत वाद्य वाजविण्यास ‘झदन’, म्हणजे मारणे, हेच क्रियापद सर्रास लावतात. आपणही टाळी व टाळ ‘वाजवितो’ आणि बासरीही ‘वाजवितो’, तसाच हा प्रकार आहे. क्रियापदावरून वादनपद्धती ठरविणे धोक्याचे होय.

युरोपात आघाताने वाजणाऱ्या झिथराचा निःसंदिग्ध पुरावा पंधराव्या शतकापासून मिळतो. बर्गंडीच्या दरबारातील आन्री आर्नो द झ्वोल याने इ. स. १४४०च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात ‘दुल्चे मेलोस’ नावाच्या वाद्याचे वर्णन आहे. याहून जुना दावा बाराव्या शतकात जेरुसलेम येथे तयार झालेल्या एका स्तोत्रग्रंथाच्या हस्तिदंती वेष्टनावरील आकृतीचा केला जातो. परंतु तेथे राजा दावीदाच्या भोवती जी वाद्ये कोरली आहेत त्यांचे स्वरूप इतके लहान व संकेतबद्ध आहे की, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. इटालियन भाषेत छेडण्याच्या आणि ठोकण्याच्या दोन्ही वाद्यांना ‘साल्तेरियो’ हे एकच नाव राहिले. तिकडे अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन डोंगराळ मुलखात ज्यास डल्सिमर म्हणतात, ते तर मांडीवर ठेवून छेडावयाचे, पडदे असलेले अरुंद झिथर आहे. त्याचे गोत्र जर्मन शाइटहोल्टशी जुळते, ठोकण्याच्या डल्सिमरशी नव्हे.

हंगेरीत या वाद्याचे भाग्य उजळले ते इ. स. १८७४ मध्ये. बुडापेस्ट येथील वाद्यकार योझेफ शुंडा याने सिंबालोमला पाय जोडून ते मेजासारखे केले आणि तारांचा नाद आवरण्यासाठी पायाने दाबावयाची यंत्रणा बसविली. जिप्सी वादकांच्या हातचे हे वाद्य त्यामुळे वाद्यवृंदात बसू शकले. झोल्तान कोदाय याने ‘हारी यानोश’ या इ. स. १९२६ च्या संगीतिकेत त्यास मानाचे स्थान दिले. त्यापूर्वी स्त्राविन्स्कीने जिनीव्हा येथे अलादार रात्स याचे वादन ऐकून ते आपल्या ‘रनार’ या रचनेत योजले होते. नावांच्या प्रवासाचा सर्वांत चमत्कारिक वळसा ग्रीसमध्ये पाहावयास मिळतो. आशिया मायनरमधील ग्रीक वादकांच्या हाती ‘सान्तूरी’ होते, आणि इ. स. १९२२ च्या उत्पातानंतर आलेल्या निर्वासितांबरोबर ते ग्रीसच्या शहरांत अधिक पसरले. ज्या ग्रीक शब्दापासून ‘संतूर’ निघाले, तो शब्द दीड-दोन हजार वर्षांनी, तुर्की पोशाखात, ग्रीक भाषेत पाहुणा म्हणून परत आला. काझान्त्झाकिसच्या इ. स. १९४६ मधील कादंबरीचा नायक झोर्बा हेच वाद्य बगलेत घेऊन हिंडतो.

पूर्वेकडे या वाद्याचा प्रवेश उशिरा झाला, आणि म्हणूनच त्याची नोंद अधिक प्रामाणिक राहिली. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते मिंग राजवटीच्या अखेरच्या काळात, सागरी व्यापाराच्या मार्गाने, चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर पोचले. चिन्यांनी त्याला ‘यांगचिन’ म्हटले. यातील ‘यांग’ या चिन्हाचा अर्थ समुद्रापलीकडचा, परदेशी. पुढे त्याच उच्चाराचे पण ‘उंचावणे’ या अर्थाचे दुसरे चिन्ह लिहिण्याची प्रथा पडली, आणि एक अक्षरही न बदलता वाद्याचे परकेपण लिपीतून पुसले गेले. कोरियाने मात्र जुनेच चिन्ह कायम ठेवले. तेथे चीनमधून आलेले हे ‘यांगगुम’ इ. स. १७७२ मध्ये होंग देयोंग या विद्वानाने कोरियन संगीताच्या स्वरांत मिळविले, आणि त्या घटनेची नोंद समकालीन लेखनात राहिली. परके वाद्य आपलेसे करण्याचे दोन मार्ग येथे शेजारी शेजारी दिसतात. भारतात तिसराच मार्ग चोखाळला गेला. येथे वाद्याचे नाव परकेच राहू दिले, आणि त्याच्यासाठी एक वैदिक पूर्वज शोधण्यात आला.

भारतीय शास्त्रग्रंथ या पूर्वजाविषयी काय सांगतात? या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार देवगिरीचा आहे. यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच्या वाद्याध्यायात एकतंत्री, नकुल, त्रितंत्री, चित्रा, विपंची, मत्तकोकिला, आलापिनी, किन्नरी, पिनाकी व निःशंक अशा वीणा सांगितल्या आहेत. यांत सर्वाधिक तारांची ती एकवीस तारांची मत्तकोकिला. शंभर तारांची, दोन काड्यांनी ठोकावयाची एकही वीणा या यादीत नाही. ही अनुपस्थिती विशेष बोलकी ठरते, कारण शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे होते. त्याचा आजा भास्कर काश्मीर सोडून दक्षिणेत आला, बाप सोढल यादवांच्या सेवेत राहिला, आणि नातवाने देवगिरीत बसून आपल्या काळापर्यंतच्या संगीतशास्त्राचा संग्रह केला. ज्या कुळास काश्मिरी विद्येचा वारसा होता आणि ज्या ग्रंथकाराने वीणेच्या दांड्याची व भोपळ्याची मापेदेखील वगळली नाहीत, त्याला काश्मिरातच नांदणारी शततंत्री वीणा ठाऊक नसावी, हे पटत नाही. अर्थात मौनावरून काढलेले अनुमान हे शेवटी अनुमानच. एखादे लोकवाद्य शास्त्रकाराने जाणूनबुजून वगळले असेल, ही शक्यता उरतेच. परंतु शततंत्रीचा दावा लोकवाद्याचा नाही, शास्त्रमान्य वैदिक वीणेचा आहे. आणि अशा वीणेस शार्ङ्गदेवाने वगळण्याचे कारण दिसत नाही.

ही कसोटी परंपरेविरुद्धच निकाल देते असे मात्र समजू नये. ती स्वरमंडलास लावून पाहावी. पंधराव्या शतकात विजयनगरच्या आश्रयाने रत्नाकरावर टीका लिहिणाऱ्या कल्लिनाथाने, मत्तकोकिलेलाच लोकांत स्वरमंडल म्हणतात, असे नोंदविले आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त सुरमंडलाचे वर्णन करताना ते कानूनसारखे असून त्यास एकवीस तारा असतात, काही पोलादाच्या, काही पितळेच्या व काही तातीच्या, असे सांगितले, आणि अकबराच्या दरबारी कलावंतांच्या यादीत ग्वाल्हेरचा बीरमंडलखान हा त्या वाद्याचा वादक दिला. येथे ग्रंथ, टीका आणि दरबारी नोंद असे तीन दुवे तीन निरनिराळ्या शतकांतून मिळतात, आणि त्यांत तारांची संख्याही जुळते. एकवीस म्हणजे तीन सप्तकांचे सात-सात स्वर, त्यामुळे ही संख्या दोन ठिकाणी स्वतंत्रपणेही उद्भवू शकेल, हे खरे. तरीही किशोरी आमोणकरांच्या मांडीवरील स्वरमंडलास मत्तकोकिलेशी जोडू पाहणाऱ्याच्या हाती काही कागद आहेत. संतुरास वाणाशी जोडणाऱ्याच्या हाती एक संख्या आणि एक काडी, एवढेच आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांची मधली पोकळी कोणत्याही ग्रंथाने वा शिल्पाने भरून काढलेली नाही.

मग काश्मिरात संतूर आले कोठून? वाद्याची घडण, त्याचे नाव, आणि ज्या संगीतात ते नांदले त्या संगीताची परिभाषा, ही तिन्ही एकाच दिशेस बोट दाखवितात. पंधराव्या शतकात सुलतान झैन-उल्-आबिदीन याच्या दरबारी खुरासानातून कलावंत आले होते, हे त्याच दरबारातील श्रीवर पंडिताच्या संस्कृत राजतरंगिणीवरून कळते. श्रीवर स्वतः संगीतज्ञ होता. संतूर नेमके त्याच वेळी आले, असे म्हणता येणार नाही. पण मध्य आशिया व इराण यांच्याशी काश्मीरच्या संगीताचा किती निकटचा संबंध जडला होता, हे त्यावरून ध्यानात येते. पुढे ज्यास ‘सूफियाना मौसीकी’ म्हणू लागले, त्या समूहगायनात संतूर हे प्रमुख वाद्य ठरले. साझ-इ-काश्मीर, काश्मिरी सेहतार आणि तबला यांच्या संगतीने, फारसी व काश्मिरी काव्याचे हे गायन चालते. त्यातील मुकामांची नावे पाहिली असता रास्त, नवा, इराक, हुसैनी अशी इराणी-अरबी नावे आणि भैरवी, ललित, तोडी अशी भारतीय नावे एकाच मालिकेत येतात. दोन संगीतपरंपरा एकमेकींत मुरल्याचे याहून ढळढळीत प्रमाण कोणते असावे?

शततंत्रीच्या कथेने नेमका हाच इतिहास झाकला आहे. तिने संतुरास जे प्राचीनत्व दिले, ते देताना काश्मिरी कलावंतांच्या कित्येक पिढ्या मधून गाळल्या. सूफियाना घराण्यांतील ज्या उस्तादांनी हे वाद्य मुरवले, ज्या कारागिरांनी इराणी बेताच्या पेटीवर आणखी घोड्या चढवून तिला पंचवीस स्वरांची केले, त्यांचे कार्य या कथेत उरतच नाही. वेदकाळ आणि विसावे शतक, एवढीच दोन टोके शिल्लक राहतात. वस्तुतः त्यांची कामगिरी हाच संतुराच्या भारतीयत्वाचा खरा आधार आहे. सतार, सरोद व शहनाई यांची नावेही परकी आहेत, आणि त्यांच्या भारतीयत्वाविषयी आज कोणास शंका वाटत नाही. मग संतुरालाच यज्ञोपवीताची गरज का भासावी?

या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यात सापडते. जम्मूचे गायक उमादत्त शर्मा यांनी आपला मुलगा शिवकुमार (१९३८–२०२२) यास संतुराकडे वळविले, आणि इ. स. १९५५ मध्ये मुंबईच्या हरिदास संगीत संमेलनात या तरुणाने ते प्रथम रागसंगीताच्या मंचावर आणले. त्याच वर्षीच्या व्ही. शांताराम यांच्या ‘झनक झनक पायल बाजे’ या चित्रपटातही त्यांचे संतूर ऐकू येते. जाणकारांची प्रतिक्रिया अनुकूल नव्हती. मींड नाही, गमक नाही, तार छेडल्यावर स्वर वाकविता येत नाही. अशा वाद्यावर आलापी कशी करावी, हा आक्षेप शास्त्रीय दृष्ट्या गैरवाजवी म्हणता येत नाही. त्यास तोंड देण्यासाठी शर्मा यांनी वाद्यात फेरफार केले : घोड्यांची संख्या वाढविली, प्रत्येक स्वरामागच्या तारा कमी केल्या, स्वरांची जुळणी बदलली, आणि तिकाटण्यावर ठेवावयाचे वाद्य मांडीवर घेतले. कलम तारेवर हलकेच घसरवून स्वराची आस टिकविण्याची युक्तीही याच प्रयत्नांत पक्की झाली. इ. स. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेने ते घरोघरी पोचले. खोऱ्यातील सोपोरी घराण्याचे भजन सोपोरी (१९४८–२०२२) यांनी निराळ्या वळणाने हेच कार्य केले. रागसंगीतात नव्याने प्रवेश मागणाऱ्या वाद्यास कुलवृत्तान्त विचारला जाणे स्वाभाविक होते. शततंत्री हे त्यास मिळालेले उत्तर होय. आरंभीच्या विरोधाच्या दिवसांत त्याचा उपयोग झाला असेल. परंतु वाद्य मंचावर स्थिरावले ते वादकाच्या कर्तृत्वाने.

या फेरफारांचा एक परिणाम सहसा नमूद केला जात नाही. चार तारांच्या चौकड्या मोडल्यामुळे शर्मा यांच्या वळणाच्या संतुरावर शंभर तारा राहिलेल्या नाहीत. पंचवीस घोड्यांचे व शंभर तारांचे जुने वाद्य सूफियाना मौसीकीच्या बैठकीतच वाजते, आणि तेथे त्यास संतूर असेच म्हणतात.